अंड्यांची गाडी

घाट उतरलास म्हणून हुश्श करू नकोस, साईश.
घाट परवडला. घाटाला लाज आहे,
तो वळण दाखवून मग वळतो.
खरा रस्ता मोलेचा नाका सुटल्यावर सुरू होतो,
सरळ, दोन्ही बाजूंनी झाडी,
आणि मध्ये असे खड्डे
की एखाद्यात म्हैस बसली तर नुसती शिंगं दिसतील.

मागे तीनशे ट्रे आहेत.
ट्रेला तीस, नऊ हजार अंडी
बेळगावहून फोंड्याला निघालेली,
आणि ती सगळी तुझ्या उजव्या पायाखाली,
हे आधी ध्यानात घे.

अंगठे आत घालून चाक धरू नकोस.
खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग उलटं मारतं.
माझा हा डावा अंगठा बघ,
ढग कुठे आहेत ते अजून माझ्याआधी त्याला कळतं.
ब्रेक खड्ड्याच्या आधी. खड्ड्यात कधीच नाही.
चाक आत पडलं की पाय सोड,
गाडीला तिची तिची वर येऊ दे.
पाणी साचलेल्या खड्ड्याला खोली विचारू नकोस,
तो खोटं बोलतो.
आणि चुकवायला उजवीकडे काढशील, तर उजवीकडून
दुसरा कोणी त्याचा खड्डा चुकवत येत असतो.
एवढं एक वाक्य शिकायला मला अकरा वर्षं लागली.

धारबांदोड्याला, बंद साखर कारखान्याच्या अलीकडे,
कुष्टा गावकराचं पंक्चरचं दुकान आहे.
दारासमोरचा खड्डा म्हणजे कुष्टाचं पोट,
असं लोक म्हणायचे.
पण त्यानेच त्यात गिरिपुष्पाची फांदी रोवली,
वर लाल चिंधी.
जूनमध्ये रोवली, ऑगस्टात तिला पानं फुटली.
आम्ही ड्रायव्हर तिला हॉर्न देऊन जायचो.

मग चवथीच्या तोंडावर कोणी साहेब
त्या बाजूने जायचे ठरले.
रात्रीत डांबरवाले आले, फांदी उपटली,
खडी ओतली, रोलर फिरवला, फोटो काढला.
आठ दिवस पाऊस पडला.
खड्डा परत आला.
फांदी नाही आली.

पहाटेचे साडेचार. माझ्यापुढे स्कूटरवर एक मुलगा,
उसगावला पहिल्या पाळीला निघालेला.
त्याचा लाल दिवा हलत होता, हलत होता,
मग नव्हता.

मी ब्रेक मारला. पाठीमागून जे ऐकू आलं
ते एकदम नाही आलं, थराथराने आलं,
वाळल्या पानांवरून कोणी सावकाश चालत जावं तसं.
गाडी रस्त्याला आडवी घातली, चारी दिवे लुकलुकत,
कारण मागून रेतीचा ट्रक येत होता
आणि मुलगा त्याला दिसला नसता,
गाडी दिसली असती.
दिसली. थांबला. शिव्या देत थांबला.
देऊ दे. शिव्या देणारा माणूस निदान जागा असतो.

मुलगा रस्त्यातच बसलेला, कोपर फुटलेलं,
एका हाताने चप्पल चाचपत होता.
फळीतून बलक गळत होता,
हेडलाइटच्या उजेडात
खड्ड्यातल्या पाण्यावर पिवळा पसरत होता.
ते बघून मला म्हणाला,
'अंकल, तुमचं नुकसान झालं.'

सत्तावीस ट्रे. मालकाने पगारातून कापले.
कुष्टाने शटर उघडून चहा दिला, दोघांनाही.
मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून सीटच्या मागे फांद्या असतात, बघ.
बोटाएवढ्या नकोत, मनगटाएवढ्या लागतात.
कोयताही आहे,
पोलिसाने विचारलं तर नारळासाठी म्हण.
दोन मिनिटं जातात फक्त.
आधी गाडी कडेला, दिवे चालू,
आरशात बघ, मग उतर.
खोल रोव.

चल, नाका आला. पहिला टाक.