येणे-देणे

क्वार्टर गेटजवळ, बेकरीच्या वरच्या माडीवर
पाटी होती : जे. एस. रुमाव, वकील.
दर शनिवारी मी ती चिंचेनं घासायचो.
जन्म तांबट आळीतला,
पितळ उजळणं तेवढं घरातून आलेलं;
बाकी मुदतीचा अर्ज, कोर्ट फीचे स्टँप,
साक्षीदाराला पाणी नेमकं कधी द्यायचं,
हे साहेबांनी शिकवलं.

मूळचे वसईकडचे. चिडले की तिकडचं बोलत,
मग चष्मा पुसून पुन्हा पेठेतली मराठी.
बाररूममध्ये त्यांना ‘पाद्री’ म्हणत.
खटला अडला की तेच लोक जिना चढत.

हडपसरच्या रखमाजी कलालाचं शिंदीचं लायसन
साहेबांनी तीन वर्षं भांडून सोडवलं.
फी जमेना. दर हिवाळ्यात अंजिरांची पाटी यायची.
मी वहीत लिहायचो, येणे : बाकी.

मग निवडणूक. ख्रिस्ती मतदारांची राखीव जागा.
भाषणाला नाना पेठेत चाळीस माणसं,
त्यातली नऊ बेकरीची.
तरी आले निवडून.
पाटीवर तीन अक्षरं वाढली, मी जास्त चिंच आणली.

कौन्सिल हॉलात दारूबंदीचं बिल आलं.
आदल्या रात्री साहेब जेवले नाहीत.
वेदीवरच्या द्राक्षरसाला सूट, एवढं एक कलम
त्यांनी लिहून मागितलं, मिळालं.
त्याची तिसरी नक्कल करताना माझा टाक फुटला.
सकाळी हात वर केला त्यांनी. बाजूनं.

रविवारी मी चर्चच्या दाराशी छत्री धरून उभा.
आत फादरनी प्याला उंच धरला.
सगळ्यांच्या माना खाली,
साहेबांची पार बाकाला टेकलेली.

त्या हिवाळ्यात अंजीर येतील असं वाटलं नव्हतं.
आले. तेवढेच, तसेच पिकलेले.
तळाशी पानांऐवजी अंथरलेलं होतं
ते लायसन. शिक्क्यावर चीक सांडलेला.

साहेबांनी ते उभं-आडवं वाचलं,
जणू विरुद्ध पक्षाची कैफियत.
मग म्हणाले, वही काढ.
रखमाजीचं नाव येण्यातून खोड, देण्यात घे.

रक्कम किती लिहू, मी विचारलं.

खाली भट्टीतून पाव निघत होते.
त्यांनी एक अंजीर उचललं, परत ठेवलं.
म्हणाले, शाई वाळू दे आधी.
रकाना मोकळा सोड.