माप

उद्यमनगरातली शेड विकली
त्या आठवड्यात महाद्वार रोडवरून वही आणली.
पहिल्या पानावर जेवणाचा डबा, झाकणाला पोचा,
मग लेथच्या तेलानं काळा पडलेला अण्णांचा व्हर्निअर,
जबडा जरा जास्तच वासलेला.

अण्णांनी चष्मा कपाळावर सारला.
"झ्याक हाय. पन माप कुठं हाय?"
चित्राला कसलं माप, म्हणाले मी,
आणि पान उलटलं.

परवा आईचा कप काढला, कान तुटलेला,
तिच्यामागं कुणी न वापरलेला.
झोपायला गेले.
सकाळी शेजारी बारीक शिसपेन्सिलीत
दोन बाण, ७२ मि.मी.,
आणि कानाच्या जागी एक तुटक रेघ.

तिचा अर्थ त्यांनीच शिकवलेला, मी आठवीत असताना:
कड आहे तिथं,
इथून दिसत नाही.