काना

कुनोयमध्ये माणसं शंभराच्या आतच.
मंगळवारी ओलुवा गेली, ब्याण्णवाव्या वर्षी.
तिचा हानुस तेव्हा बॅरेन्ट्स समुद्रात, कॉडच्या मागे,
ट्रॉलर परतायला अजून नऊ दिवस.
म्हणून पोल माझ्याकडे आला,
चर्चच्या किल्ल्या खिशात वाजवत,
"तू शाळेत गणित शिकवतेस ना, मग कॅमेऱ्याचं तूच बघ."

बघितलं.
फ्रँकफर्टला एक आभासी यंत्र भाड्याने घेतलं, महिना पाच युरो,
ज्याला ना पेटी ना पंखा,
दुसऱ्या यंत्राच्या पोटात राहणारं.
त्यात घालायला सगळ्यात हलकी इमेज निवडली.
हलकं ते शहाणं, असं मी मानत आलेय.
होडीतसुद्धा दोर मोजून घेते.

शुक्रवार, दुपारचे दोन.
चित्र लख्ख.
शवपेटी, तिच्यावर ओलुवानेच विणलेली करडी शाल,
खिडकीतून तिरका उजेड.
सगळे गायला उभे राहिले
आणि बोटीवरून हानुसच्या दोन ओळी आल्या:
तोंडं हलतायत.
आवाज नाही.

मी मागच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप, हातमोजे दातात.
आवाजाचं मॉड्यूल नावानिशी मागवलं.
उत्तर आलं, सापडत नाही.
पुन्हा मागवलं.
सापडत नाही.
नाव अक्षर अक्षर लावून पाहिलं, काना-मात्रेसकट.
काना होता.
कान नव्हता.

मला खरा स्पीकर नकोच होता,
नुसती एक खोटी नळी हवी होती,
या तोंडाने ओतायचं, त्या तोंडाने भरून घ्यायचं,
पोरांच्या काडेपेटीच्या फोनसारखी.
पण ज्यांनी ती इमेज घडवली त्यांनी म्हटलं असणार,
हे यंत्र कुणाच्या टेबलावर थोडंच बसणार आहे,
याला कशाला माइक, कशाला वेबकॅम,
कशाला कुठल्या जुन्या प्रिंटरची ओळखदेख?
आणि कर्नलमधली आवाजाची अख्खी फांदी
मुळापासून छाटली.
दुष्टपणाने नाही. काटकसरीने.

काटकसर मला कळते.
गेल्या हिवाळ्यात ओलुवाचा तीनदा फोन आला.
तिला ऐकू यायचं नाही, तेच तेच ओरडून सांगावं लागायचं,
वह्या तपासायच्या होत्या,
मी वाजू दिला.

नवं कर्नल चढवायचं तर यंत्र बंद करून उठवावं लागणार,
तेवढ्यात चौघांनी पेटी उचलली असती.
मी पोलकडे पाहिलं. पोल गात होता, डोळे मिटून, नेहमीसारखा बेसूर.
लॅपटॉपवर पुन्हा हानुस:
राहू दे. ओठांवरून कडवं कळतंय.
आम्ही म्हणतोय इकडे.

तेवीस जण, जेवणाच्या खोलीत, जाळी वर ओढून ठेवून.
त्यातलं आम्हाला काही ऐकू आलं नाही, ते उघडच आहे.
आमचं त्यांना नाही.
तिसरं कडवं लांबलं.

रात्री चर्च रिकामं, हीटर बंद.
मी पूर्ण कर्नल उतरवलं, सगळ्या अडगळीसकट,
जॉयस्टिक, टीव्हीची कार्डं, कधीच बंद पडलेल्या कंपन्यांची स्कॅनरं,
काय वाट्टेल ते असू दे म्हटलं,
आणि यंत्र झोपवून उठवलं.
मॉड्यूल मागवलं.

उत्तर नाही.
त्यांच्यात रीतच तशी,
नसेल तर ओरडून सांगतात,
असलं की गप्प.
खालच्या ओळीत नुसती खूण लुकलुकत राहिली.

तपासायला काहीतरी बोलायला हवं होतं.
एक-दोन-तीन म्हणतात लोक.
मी माइकपाशी वाकले
आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हटलं,
हॅलो, ओलुवा.
हो, मीच.
बोला.

हिरवी पट्टी दोन बोटं वर गेली,
खाली बसली.
दारात पोल किल्ल्या घेऊन उभा होता,
कधीपासून, कुणास ठाऊक.