कॅरियर

सायकल वाकोल्याच्या टेरेन्सकडून घेतली,
कॅरियर मात्र एका पाववाल्याचं उतरवलेलं,
जाड सळईचं, वेल्डिंगला तीनदा भाजलेलं.
"पन्नास किलो झेलतं," टेरेन्स म्हणाला,
"एकावन्नावा तुझ्या जबाबदारीवर."

रविवारी दळण.
डबा उभाच बांधायचा, ट्यूबच्या दोन पट्ट्या,
तिसरी दातात.
जाताना गहू खडखडतात प्रत्येक गतिरोधकाला.
येताना पीठ गप्प, कोमट,
मागे पोर झोपलंय असं वाटून
मी खड्डे चुकवते.

उड्डाणपुलावर सायकलींना बंदी.
मी खालून जाते,
घंटी वाजत नाही, तोंडानंच ओ भाऊ.

आणि एकदा सासूबाईंचं शिलाईचं मशीन,
लोखंडी पायांसकट,
कुर्ल्याला विकायला.
मी हँडल धरून चालत,
इंदिराबाई बाजूनं, मशीनवर हात ठेवून,
आजाऱ्याला नेतात तशा.
दुकानदारानं चाक फिरवलं, वजन केलं,
भंगाराचा भाव सांगितला.
त्या काही बोलल्या नाहीत.
पदरानं मशीनवरची त्याची बोटं पुसली
आणि मला म्हणाल्या, बांध.

परत तीच गाठ, तोच रस्ता,
टायर बसलेला, माझी चप्पल तुटलेली.
मिठीवरच्या पुलाला जरासाच चढ आहे,
तिथं सायकल एकाएकी हलकी झाली.
मी मागे पाहिलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या,
मी कुठे ढकलतेय,
मशीन धरलंय नुसतं.