हुडका

चार ठिकाणी सांडलेलं होतं आमचं शिकवणं.
पीडीएफ एका फोल्डरात, व्हिडिओ दुसरीकडे,
व्हॉट्सअ‍ॅपवर माझे आवाज, जिना चढता चढता पाठवलेले,
आणि उरलेलं सगळं
पद्मावती गड्डमच्या डायरीत,
जिला नुसत्या "हॅलो"वरून कळायचं
कुठल्या कारखान्याचं कुठलं बिल अडलंय.

साहेब म्हणाले, एकच दार करा.
एक लॉगिन, एक यादी.
टॉवेलवाले, चादरवाले, सूतवाले, रंगाईवाले,
सगळे एकाच उंबऱ्यावरून आत.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, दुसरा मजला.
त्रेचाळीस डिग्रीत, खिडकीत ओला टॉवेल टांगून
मी चौकटी आखायला बसले.
पहिल्या पडद्यावर एक भिंग, शेजारी शब्द : शोधा.
आठ दिवस त्याला कुणी बोट लावलं नाही.
बसवंतप्पा हिप्परगी, एकाहत्तर वर्षांचे मुनीम,
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"हे शोधा-बिधा पेपरातलं झालं की ओ.
आम्ही हुडकतो."
मी लिहिलं : हुडका.
पुण्याच्या डिझायनरनं लाल गोल करून विचारलं, हे काय?
मी म्हटलं, राहू दे.

आमचे नान्ना पूर्व भागात जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
एक भोक इकडचं तिकडे झालं
की मोराची मान मोडायची,
आणि मोडकीच विणली जायची, चादरीमागून चादर.
माग विचारत नाही.
धोटा सांगितलं तसा जातो, येतो.
दिवसभराचं काम झाल्यावर नान्ना
पुठ्ठा उजेडासमोर धरून बसत,
भोकांतून येणारा दिवा
त्यांच्या बनियनवर ठिपके ठिपके.
तेव्हा मला ते खेळणं वाटायचं.

जूनमध्ये दार उघडलं.
तीनशे बारा ग्राहक, चव्वेचाळीस पाठ.
फोन आधी कमी झाले, मग थांबलेच.
साहेबांनी पेढे वाटले
आणि पडद्याच्या तळाचा मदतीचा नंबर काढून टाकला.
पद्मावतीला वसुलीत बसवलं.
डायरी कपाटात गेली, चाव्यांच्या डब्याखाली.

ऑगस्टात मी अहवाल चाळत होते.
सर्वात अभ्यासू ग्राहक : शमीम बागवान,
टेरी टॉवेलचा कारखाना, रात्रपाळी.
नावापुढे पिवळा तारा.
पाठ अकरा, चुकलेलं चलन रद्द करणे.
सतरा वेळा पाहिलेला.
रात्री दोन दहा, दोन बावीस, पहाटे चार.
दर वेळी तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबून
पुन्हा मागे.

मी पाठ लावला.
माझाच आवाज, जरा जास्तच गोड :
"आता खालचं हिरवं बटण दाबा."

ते बटण आम्ही जुलैत बदललं होतं.
निळं केलं. वर नेलं, उजव्या कोपऱ्यात.
छान दिसतं म्हणून.

नंबर डायरीतच मिळाला.
"म्याडम," ती म्हणाली, मागे मागांचा खडखडाट,
"तुम्ही म्हणताव हिरवं. हितं हिरवं नाहीच की.
मला वाटलं, सगळ्यांना दिसत असंल,
माझंच कायतरी चुकतंय."
मग जरा थांबून,
"मी चलनं वहीत लिहून ठेवलीत.
कार्बन घालून. चाळीस झालीत. चालतील का?"

काय सांगणार? चालतील म्हणाले.
त्याच रात्री पाठ अकरा पुन्हा बोलले, गोडवा काढून.
उरलेले त्रेचाळीसही उजेडासमोर धरले,
सहा निघाले मान मोडलेले.
मग प्रत्येक पडद्याच्या तळाशी
पद्मावतीचा नंबर टाकला,
बसवंतप्पांना चष्म्याशिवाय दिसेल एवढा.

आता साहेबांच्या आलेखात
फोनची रेघ पुन्हा वर चढतेय.
काल त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे काय?

चढू दे, म्हटलं.