निर्लेखन

जडवस्तूंच्या नोंदवहीत आज मी रेघा मारते आहे.
हेल्मेटं, एकशे चाळीस. रेघ.
बत्त्या, त्यातल्या पेटतात सव्वीस. रेघ.
शाळेच्या पोटात खणलेला साठ मीटरचा सरावाचा बोगदा,
तो कुठल्या रकान्यात घालू?
मंत्रालयाच्या यादीत बोगद्याला क्रमांकच नाही.

मी उर्शुला, भांडारपाल, एकतीस वर्षं.
सायलेशियातल्या आमच्या या गावात
पुढे काय करणार, असं मुलांना कुणी विचारत नसे.
बाप ज्या पिंजऱ्यातून खाली जाई
त्यातच एके सकाळी मुलगा उभा राही,
आई दोन डबे भरी.

आता वॉर्साहून खोकी आली आहेत.
पवनचक्कीचं एक पातं, आतलं दिसावं म्हणून कापलेलं.
बारा लॅपटॉप.
आणि एक रबरी म्हातारी,
तिला न दुखवता कुशीवर वळवायला शिकायचं,
कारण गावात उरलीत ती म्हातारी माणसं,
आणि तीही आता, म्हणे, एक बाजारपेठ.

कोपिएत्स मास्तरांना सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं.
प्रमाणपत्रावर त्यांचं नाव चुकलंय.
स्क्रीनला बोट लावण्याआधी ते अजून
हात पँटला पुसतात.
एवढी वर्षं त्यांनी एकच गोष्ट जीव तोडून शिकवली:
लोखंडी कांबीनं छत ठोकायचं आणि ऐकायचं.
खणखणीत वाजलं तर पुढे हो.
बद्द वाजलं तर माग फिर,
टोपी पडली तरी उचलायला वाकू नकोस.

परवा ते कांब घेऊन वर आले, नव्या वर्गात.
काही न बोलता पातं ठोकत गेले, वीतभर, वीतभर.
कुणीतरी हसलं.
मग एका जागी बद्द वाजलं,
आणि सोळा वर्षांची डोब्रावा उठली,
तिथे खडूनं गोल काढला.
वरून पातं गुळगुळीतच होतं.

"सर, तुमच्या मास्तरांनी सांगितलं होतं का,
कोळसा किती वर्षं पुरेल?"
"दोनशे."
"मग आम्हाला तुम्ही किती सांगणार?"

दारात सह्यांचा कागद घेऊन मी उभी.
मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं,
जिथे शाफ्टचं चाक होतं आणि आता नुसतं आभाळ आहे.
"तास संपला," म्हणाले.
घंटेला अकरा मिनिटं बाकी होती.

कुणी हललं नाही.
डोब्रावानं कांब उचलली
आणि पात्याच्या दुसऱ्या टोकापासून
पुन्हा ठोकायला लागली, डोळे मिटून.

पुढच्या महिन्यात ही वहीसुद्धा संगणकात जाणार.
मग मी कुठे, ते कुणी सांगितलेलं नाही.
पानाच्या तळाशी एक ओळ आहे:
कांब, लोखंडी, नग एक.
पट्टी ठेवली होती, काढली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
वापरात.