दीड अंश डावीकडे

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत दिवसभर मी
पंपांचे गिअर काढते कागदावर,
दात मोजून, फट ठेवून, सही करून.
सहानंतर त्याच टेबलावर
एक सुकाणू, ज्याला विमान नाही.

अर्धंच चाक ते:
दोन शिंगं, दोन्ही तर्जन्यांखाली घोडे,
अंगठ्यांना दोन बटणं,
आणि मागे एवढ्याशा डब्यात दडवलेला
सगळा खटाटोप –
दोन पॉट, दोन अर्धे गिअर, चार स्प्रिंगा.
हसमुखभाई टर्नर विचारतात, ‘बेन, आ ऊडशे?’
उडेल, म्हणते. बसल्या जागी.

मूळ यंत्र मी कधी हातात धरलं नाही.
रावपुऱ्यात टॉवरमागच्या बोळात, जिन्याखाली
जसुभाईंचं व्हिडिओ पार्लर होतं. डावाला रुपया.
मुली आत जात नसत; तसा फलक नव्हता,
फलकाची गरज नव्हती.
मी विनूदादाला जेवायला बोलवायला जायची
आणि दारातच थांबायची
वरण गार होईपर्यंत.

काळ्या काचेवर हिरव्या रेघांचे डोंगर होते म्हणे.
मला पडदा दिसत नसे, पाठी दिसत.
म्हणून ते यंत्र मी शिकले मनगटांवरून:
किती ओढलं की नाक वर येतं,
किती पिळलं की कोपर शेजाऱ्याला लागतं
आणि शेजारी शिवी देतो.
सगळ्यांचा उजवा खांदा जरासा खाली.
मला वाटायचं, ही ऐट.
घरी आरशासमोर करून पाहायची,
पोळपाट दोन्ही हातांत धरून.

आता पोटं सुटलेले लोक
दिवाणखान्यात तसली कपाटं बांधून घेतात.
त्यांना बटणं मिळतात, काच मिळते,
सुकाणू कुठे मिळत नाही.

पहिलं सागाचं केलं, जड झालं.
दुसरं प्रिंटरवर काढलं, ते पिळताना कुरकुरलं
नव्या चपलेसारखं.
तिसरं अ‍ॅल्युमिनियमचं ओतलं.
मग मध्य सापडेना.
सोडलं की परत यायला हवं, आणि थांबायला हवं;
पाळण्यासारखं हलत राहायचं नाही.
आठव्या रविवारी थांबलं.
डायल गेज लावलं. शून्य.
त्या रात्री मी भात दोनदा वाढून घेतला.

विनूदादा भरूचहून आला, चष्मा कपाळावर.
दोन्ही हातांनी धरलं
आणि तिसऱ्या सेकंदाला
उजव्या डोंगरावर आपटला.
पुन्हा. पुन्हा उजवीकडेच.
‘वाकडं झालंय तुझं,’ म्हणाला.
मी गेज पुढे केलं.
त्याने काटा पाहिला, मग स्वतःचे तळवे.
‘जसुभाईचं डावीकडे ओढायचं गं.
एक स्प्रिंग मेलेली.
आम्ही सगळे खांदा टाकून तोलायचो.’

किती सहज सांगितलं.
त्याचा शर्ट शिवताना मास्तर अजूनही
उजव्या बाजूला अर्धा इंच सांभाळून घेतात;
आई शेवटपर्यंत दप्तराला बोल लावत राहिली.

ड्रॉइंगवर आता दोन आवृत्त्या आहेत.
अ – शून्य. विकायची.
ब – उजव्या स्प्रिंगची तार एक नंबर बारीक,
ओढ दीड अंश डावीकडे.
शेऱ्याच्या रकान्यात ‘दोष’ लिहिलं, खोडलं.
‘मुळाबरहुकूम’ लिहिलं, तेही खोडलं,
मूळ मी कुठे मोजलं होतं?
शेवटी लिहिलं:
माप दादाच्या खांद्यावरून.

काल रात्री ब जोडून पहिल्यांदा मीच उभी राहिले.
डोंगर आले. खरंच हिरवे होते.
यंत्राने हळूच ओढलं, मी ओढले गेले,
आपटले डावीकडे. सहा वेळा.
खांदा काही खाली जाईना.
जसुभाईंकडे सहा रुपये झाले असते.

दादा दारात उभा होता.
तिथून त्याला पडदा दिसत नसणार.